पेस्टिसाइड रेसिड्यू टेस्टिंग: या चुका टाळा, उगाच मशीनला दोष देऊ नका

नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात भाजी-फळांत उरलेलं कीटकनाशक (रेसिड्यू) मोजणाऱ्या लॅबमध्ये नवीन मुलं येतात आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांना एलसीएमएसवर (रेसिड्यू मोजणाऱ्या मशीनवर) बसायचं असतं. सॅम्पल कापायला कोणी तयार नाही. आणि रिपोर्ट बिघडतो तो तिथेच, कापताना, वजन करताना, ट्यूब हलवताना.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे नुसत्या सॉल्व्हेंटमध्ये केलेल्या स्टँडर्डवर (माहीत प्रमाणाच्या कीटकनाशकाच्या द्रावणावर) कॅलिब्रेशन लावून भाजीचा रिझल्ट काढणे. एका लॅबमध्ये कढीपत्त्याचं सॅम्पल होतं, स्पाइकची रिकव्हरी, म्हणजे मुद्दाम टाकलेल्या कीटकनाशकातलं परत सापडणारं प्रमाण, जेमतेम निम्मी येत होती, खरं तर ती ७० ते १२० टक्क्यांत बसायला हवी. मग काय, कॉलम बदलला, सोर्स (मशीनचा रेणूंना विद्युतभार देणारा भाग) साफ केला, सर्व्हिस इंजिनिअर येऊन गेला, ट्यूब जास्त वेळ हलवून पाहिली, तरी आकडा तोच. मी म्हटलं आधी ब्लँक, म्हणजे कीटकनाशक नसलेल्या, कढीपत्त्याचा एक्स्ट्रॅक्ट (अर्क) घ्या आणि त्यात शेवटी, व्हायलमध्ये भरायच्या आधी, स्टँडर्ड टाकून इंजेक्ट करा. तोही निम्माच आला! म्हणजे एक्स्ट्रॅक्शनमध्ये काही हरवतच नव्हतं, पानातला माल सोर्समध्ये सिग्नल दाबत होता. ब्लँक एक्स्ट्रॅक्टमध्येच कॅलिब्रेशन केलं, सॅम्पल दहापट डायल्यूट केलं आणि रिकव्हरी जागेवर आली. जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) बऱ्याचदा उलटं होतं, मॅट्रिक्समुळे, म्हणजे सॅम्पलमधल्या बाकीच्या मालामुळे, पीक (सिग्नलचा उंचवटा) फुगतो आणि आहे त्याहून जास्त रेसिड्यू दिसतं, शेतकऱ्याचा माल उगाच फेल. मी तर स्वच्छ ब्लँक मिळाला की जास्तीचा कापून फ्रीझरमध्ये ठेवूनच देते, ऐन वेळी वाशी मार्केटला जाऊन ब्लँक कढीपत्ता मिळत नसतो.

दुसरं, हापूस. घरी खातो तसा सोलून नुसता गर घेतात, अरे पण फवारणी सालीवर होते ना! कोय काढायची, साल ठेवायची, आणि हिशोब मात्र कोयीसकट अख्ख्या फळाच्या वजनावर करायचा. कोयीचं वजन लिहायला विसरलात तर आकडा खोटा, आणि एमआरएल (कायद्याने चालणारी रेसिड्यूची कमाल मर्यादा) बऱ्याच ठिकाणी किलोला ०.०१ मिलिग्रॅम असतो, तिथे एवढा फरक चालत नाही. आणि सॅम्पल नळाखाली खळाखळा धुऊ नका, प्लीज.

क्वेचर्स ही सॅम्पलमधून रेसिड्यू काढायची पद्धत २००३ मध्ये आली ती सोपी म्हणून, पण सोपी म्हणजे कशीही करा असं नाही. दहा ग्रॅम सॅम्पल, दहा मिली अ‍ॅसिटोनायट्राइल, मग मीठ, आणि मीठ पडलं की लगेच जोरात हलवायचं, नाहीतर मॅग्नेशियम सल्फेटचा गोळा होतो. पावसाळ्यात इथल्या हवेत ते मीठ पाणी ओढून घेतं, डेसिकेटरमध्येच ठेवा. हळद, डाळ, तांदूळ असं कोरडं सॅम्पल असेल तर आधी पाणी घालून भिजवा, हे कितीदा सांगायचं.

हिरवा रंग जावा म्हणून कार्बन मूठभर ओतू नका. थायाबेंडाझोलसारखे चपटे रेणू त्यालाच चिकटून बसतात, एक्स्ट्रॅक्ट दिसतो सुंदर आणि रेसिड्यू गायब.

शेवटचं, मॅन्कोझेब हे बुरशीनाशक. तो या मल्टीरेसिड्यू (एकदम अनेक कीटकनाशकं शोधणाऱ्या) पद्धतीत सापडतच नाही, त्यामुळे त्यावरून ‘नॉट डिटेक्टेड’ लिहिणं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. त्याचं सॅम्पल मिक्सरला बारीक करायचं नाही, तुटून जातो, मोठे तुकडे करून लगेच टिन क्लोराइड आणि अ‍ॅसिडमध्ये गरम करायचं आणि निघणारा कार्बन डायसल्फाइड मोजायचा. वेळ लागतो. लागू दे.