सांगली जिल्हा पाहावा तो पाण्यामागून चालत

सांगली जिल्हा पाहायचा तो मावळतीकडून उगवतीकडे. शिराळ्याच्या डोंगरात पाऊस झोडपून काढतो आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जतला, माणसं ढगांकडे डोळे लावून बसतात. माझं माहेर जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून. सासर हरिपूरचं, कृष्णा-वारणेच्या संगमावर. दोन्हीकडचं पाणी प्यायले आहे, म्हणून सांगते: देवळांची यादी हातात घेऊन फिराल तर जिल्हा कळणार नाही. पाणी कुठून येतं, कुठे पोचत नाही, ते बघत चला.

दिवाळीनंतर मार्चपर्यंत या. पावसाळ्यात चांदोलीचं जंगल बंद असतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णामाईचा भरवसा नाही. तेव्हाच यावं लागलं, तर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती आहे, ते विचारून घराबाहेर पडा. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत: 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांवर गेलं होतं. हरिपुरात कुणाशी बोलताना पुराचा विषय आपणहून काढू नका. त्यांनी काढला, तर मात्र निवांत ऐकून घ्या.

सुरुवात चांदोलीपासून करा. वारणेचं धरण, त्यामागचं राष्ट्रीय उद्यान, आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलेलं. वनखात्याची परवानगी आधी काढा आणि वाघ दिसेल या आशेवर जाऊ नका. जंगल बघायला जा. उतरताना बत्तीस शिराळ्याचा मारुती आणि वाळवा तालुक्यात बह्याचा मारुती घ्या. दोन्ही समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी. बह्याला कृष्णेच्या पात्रातच रामलिंगाचं बेट आहे, तिथे घाई करू नका.

पुढे पलूस तालुका. किर्लोस्करवाडी, किर्लोस्करांची कारखान्याची वसाहत, 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर उभी राहिली. तिथून जवळच कुंडल, इंग्रजांविरुद्ध नाना पाटलांनी उभारलेल्या प्रतिसरकारच्या लढ्यातलं गाव. थोडं आडवाटेला गेलात तर देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, आणि लागूनच सागरेश्वरचं अभयारण्य. उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून ते उभं केलं, तिथे हरणं सहज दिसतात. भिलवडीला आलात की औदुंबर चुकवू नका. दत्ताचं दर्शन झाल्यावर घाटाच्या खालच्या पायरीवर बसा. समोरच्या काठावर भुवनेश्वरीचं देऊळ, मधे संथ कृष्णा. पौर्णिमेला गर्दी असते, म्हणून साधा वार धरा.

सांगलीत गणपती मंदिर तर बघालच, ते इथल्या संस्थानिक पटवर्धनांचं. याच संस्थानात अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सीतास्वयंवराचा खेळ केला, आणि मराठी रंगभूमीची सुरुवात तिथून धरतात. पण त्यानंतर रिक्षा करून हरिपूरला या. संगमेश्वराच्या घाटावरून वारणा कृष्णेत शिरताना दिसते. आणि गावात विचारून हळदीचं एखादं पेव बघा. वरून नुसतं एक भोक, माणूस जेमतेम आत जाईल एवढं. खाली मात्र जमीन रांजणासारखी पोखरलेली. इथली माती ढासळत नाही, म्हणून हे जमतं. आत हळद भरून तोंड बंद केलं की ती बराच काळ कीड न लागता राहते. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. आतली कोंडलेली हवा जाऊ देतात, मगच माणूस दोर धरून खाली जातो. 2005 च्या पुरात कितीतरी पेवांत पाणी शिरलं आणि हळद आता गोदामांत, शीतगृहांत गेली. जी पेवं उरलीत, ती राखायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

मिरजेला सतारमेकर गल्लीत सकाळी जा, कारागीर कामाला बसलेले असतात. सतारीसाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळके भोपळे रांगेने टांगलेले दिसतील. कारागीर भोपळ्यावर बोटाने टिचकी मारतो, कान लावतो आणि बाजूला ठेवतो किंवा कामाला घेतो. फोटो काढायचा तर आधी विचारा. तिथूनच मीरासाहेबांच्या दर्ग्यात जा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब तिथे विसावले आहेत आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं.

इथून पुढे बहुतेक पाहुणे परत फिरतात. तुम्ही फिरू नका. म्हैसाळला जा, कृष्णा कर्नाटकात जायच्या आधीचं हे गाव. इथूनच पाणी उपसून टप्प्याटप्प्याने कवठेमहांकाळ, जतकडे चढवतात. मग पंढरपूर रस्त्याने नागजपर्यंत या. फेब्रुवारी-मार्चमध्ये बेदाण्याची शेडं भरलेली असतात, जाळीच्या रॅकवर द्राक्षं सुकत असतात. कोरडी हवा हीच या भागाची पुंजी. पाऊस नाही म्हणून बेदाणा होतो.

जतला गेल्यावर भाषा बदलते, मराठीच्या जोडीला कानडी ऐकू येते. 1949 ला दक्षिण सातारा म्हणून झालेला आणि 1960 ला सांगली नाव मिळालेला हा जिल्हा सांगली, मिरज, जत, औंध अशा संस्थानांचे तुकडे जोडून घडला. 1956 ला राज्यांची फेररचना झाली आणि आमच्या आजीचं माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्यात गेलं. घरात मात्र मराठी आणि कानडी दोन्ही एकाच चुलीपाशी चालत राहिल्या. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला कर्नाटकातून माणसं पायी येतात. अमावास्येला जाल तर गर्दीत अडकाल, पण एकदा ते बघायलाच हवं. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी मिळेल तिथे खा. पाण्याची बाटली जतलाच भरून घ्या, आणि दुपारीच परतीच्या एसटीची वेळ विचारून ठेवा, कारण संध्याकाळनंतर खेड्यांकडच्या गाड्या कमी होतात.