घरातले तेच ते भांडण आणि कौटुंबिक समुपदेशन

घरात एकच भांडण वर्षानुवर्षे होत असेल, तर कौटुंबिक समुपदेशकांकडे जाण्यापूर्वी चूक कोणाची हा प्रश्न बाजूला ठेवून ते भांडण कोणत्या क्रमाने होते, हे कागदावर उतरवावे. आधी कोण बोलले, कोण उठून गेले, मध्ये कोण पडले आणि शेवटी सारे कशामुळे शांत झाले, एवढेच लिहावे. जेकार्डवरची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवरची, छिद्रांची कार्डे बदलली नाहीत, तर सूत बदलूनही चादरीवर नक्षी तीच उमटते, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. समुपदेशकांचे लक्षही माणसांपेक्षा या क्रमाकडे अधिक असते.

समजा, सोलापूर शहराच्या पूर्व भागातील एका घरात वडील यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून सकाळी येतात, बारावीतला मुलगा मोबाइल घेऊन लोळत असतो, वडील ओरडतात आणि आई त्याची बाजू घेते. घरात आपले कोणी ऐकत नाही असे वाटून वडील पुढच्या वेळी आणखी चढ्या आवाजात बोलतात, म्हणून आई मुलाचे कमी गुण लपवू लागते, आणि ते उघडकीस आले की वडिलांचा संशय पक्का होतो. आपण केवळ समोरच्याच्या वागण्याला उत्तर देत आहोत, असे प्रत्येकाला वाटते आणि ते खोटेही नसते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी अशा रचनेला त्रिकोण म्हटले. दोघांमधला ताण सोसेनासा झाला की तिसऱ्याला आत ओढले जाते. पैशांवरून नवरा-बायकोत जे बोलायचे राहून गेले, ते मग मुलाच्या मोबाइलवरून बोलले जाते.

सुरुवातीच्या भेटींत समुपदेशक बहुधा तीन पिढ्यांचा कुटुंब-आराखडा काढतात. कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे, व्यसन, आजार वा अकाली मृत्यू कोणाच्या वाट्याला आले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच विचारून जावे. आजी तेलुगूत किंवा कन्नडमध्येच मोकळी होणार असेल, तर वेळ ठरवतानाच तसे सांगावे.

पुढे प्रश्नांची तऱ्हा बदलते. इटलीतील मिलानमध्ये मारा सेल्विनी पालाझोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीत एकाविषयी दुसऱ्याला विचारतात. धाकट्या मुलीला विचारले जाईल, "बाबांचा आवाज चढला की आई आधी काय करते? दादा घरी नसताना दोघे कशावरून भांडतात?" ती उत्तर देत असताना मध्ये बोलू नये, आणि घरी गेल्यावर त्या उत्तराबद्दल तिला बोल लावू नये.

कुटुंबोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांचा भर भांडण सांगण्यापेक्षा ते समोर घडू देण्यावर होता. मुलगा आई-वडिलांच्या मधोमध बसला असेल, तर त्याला खुर्ची बदलायला सांगितले जाते आणि मोबाइलचा एक नियम त्या दोघांनी एकमेकांकडे पाहून, त्याला मध्ये न घेता ठरवायचा असतो. ऐकायला सोपे वाटते, पण आईची नजर दर दोन वाक्यांनी मुलाकडे वळते आणि समुपदेशक तिला पुन्हा पतीशी बोलायला लावतात.

घरी करायच्या कामात एकच कडी बदलावी. उदाहरणार्थ, पाळीवरून आल्यावर पहिला अर्धा तास वडिलांनी अभ्यासाचा विषय काढू नये, किंवा आईने बाजू घेण्याऐवजी "तुम्ही दोघे बोला, मी चहा टाकते" एवढेच म्हणावे. सगळे एकदम बदलण्याचे बेत, माझ्या मते, आठवडाभरही टिकत नाहीत. जुनी घडी मोडू लागली की मुलगा आईला पुन्हा ओढण्यासाठी अधिक चिडण्याचा संभव असतो. तेवढ्यावरून उपाय फसला असे मानू नये. वडील यायलाच तयार नसतील, तर जो तयार आहे त्याच्यापासून काम सुरू करता येते.

मारहाण किंवा धमक्या असतील, तर मात्र एकत्र बसण्याची घाई करू नये. आधी सुरक्षितता पाहावी आणि समुपदेशकांना एकट्याने भेटून ते सांगावे. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत.

सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल, तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात चौकशी करावी, किंवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलावे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांकडे जात असाल, तर भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी विचारण्यात संकोच नको.

आणि तो भांडणाच्या क्रमाचा कागद घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळा, एकमेकांना न दाखवता लिहून न्यावा. ते एकमेकांशी जुळले नाहीत तरी खाडाखोड करून जुळवत बसू नये, कारण ते जिथे जुळत नाहीत तिथूनच समुपदेशकांना विचारायला सुरुवात करता येते.