निधी आटला तरी उमेद आटू नये म्हणून

समाजकार्याच्या निधीत कपात होते, तेव्हा एकेका कार्यकर्त्याच्या गळ्यात जास्त केसेस, म्हणजे मदत हवी असलेली कुटुंबं, पडतात, प्रतीक्षायाद्या लांबतात, आणि ज्या योजनेकडे गेल्या आठवड्यात माणसं पाठवली ती या आठवड्यात बंद झालेली असते. अशा वेळी उमेद कशी टिकवायची, हे नव्या मंडळींना सांगताना मी 'सकारात्मक राहा' हे वाक्य वापरत नाही. त्या वाक्यानं कुणाचं थकलेलं भाडं भरलं जात नाही. मी त्यांना फायली उघडायला लावते.

कारण हताशा आधी नोंदींत उतरते. एक नेहमीची नोंद घ्या: 'आई सहकार्य करत नाही. ठरलेल्या भेटीला पुन्हा गैरहजर.' आता घरी जाऊन विचारा, की ती वेळ जमत का नाही. मग कळतं, भेटीची वेळ नेमकी तिच्या पाळीत येते आणि रजा घेतली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. मग नोंद अशी होते: 'भेटीची वेळ आईच्या कामाच्या वेळेत येते. रजा घेतल्यास मजुरी जाते. तिनं संध्याकाळची वेळ मागितली. कार्यालयात ती सोय नाही. फोनवर बोलायला तयार आहे.' बाई तीच, गैरहजेरीही तीच. पण पहिल्या नोंदीत पुढं करण्यासारखं काहीच उरत नाही, दुसरीत दोन कामं समोर दिसतात. माझी कसोटी साधी आहे: लिहिलेलं त्या बाईसमोर मोठ्यानं वाचता येईल का? वाचताना जीभ अडखळली तर पुन्हा लिहा. बाळाच्या सुरक्षेबद्दलची कटू गोष्टसुद्धा या कसोटीला उतरते, फक्त ती नेमकेपणानं लिहावी लागते.

दुसरी गोष्ट, नकार द्यायला शिका. आपल्या कामात हे कुणी नीट शिकवत नाही, आणि कपातीच्या काळात निम्मं काम तेच असतं. 'बघते, कळवते' म्हणून कुणाला परत पाठवू नका. तो माणूस तुमच्या फोनची वाट बघत बसतो आणि तुम्ही त्याचा नंबर बघून फोन उचलायचं टाळता. दोघांचीही इज्जत जाते. थेट सांगा: 'तुमची गरज खरी आहे. सेवा बंद झाली, कारण पैसे काढून घेतले. हा निर्णय माझा नाही, पण पुढचं काम मी तुमच्याबरोबर करणार आहे.' मग नकार लेखी मागा, अपिलाची मुदत शोधा, आणि अर्ज त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याच शब्दांत लिहा. ज्या नियमावर तुमचा स्वतःचा विश्वास नाही, त्याची वकिली करत बसू नका. नियम काय आहे एवढं सांगितलं की पुरे.

आता सगळ्यात दुर्लक्षित काम. न मिळालेल्या सेवेची नोंद ठेवा: गरज काय होती, कुठं मागितलं, कधी, कुणी कोणत्या कारणानं नाकारलं. होतं काय, की एखादी सेवा मिळत नाही हे कळलं की आपण तिकडं माणसं पाठवणंच बंद करतो. मग कागदावर मागणी शून्य दिसते, आणि पुढच्या अंदाजपत्रकात 'मागणीच नाही' म्हणून ती सेवा कायमची जाते. आपल्या शहाणपणानं आपणच कपातीला पुरावा पुरवतो! या नोंदी नावं काढून एकत्र करा, वरिष्ठांना द्या, कामगार संघटनेला द्या. 'हे राजकारण आपलं काम नाही' असं कुणी म्हणालंच, तर समाजकार्याची 2014 ची जागतिक व्याख्या दाखवा. सामाजिक बदल, मानवी हक्क आणि सामूहिक जबाबदारी तिच्यात आहेत.

अशा नोंदींनी काय होतं? शिकागोच्या गरीब वस्तीतलं हल हाउस आठवा, जिथं कार्यकर्ते वस्तीतच राहून काम करत. 1889 मध्ये ते सुरू करणाऱ्यांपैकी जेन ॲडम्स यांना 1931 मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, म्हणून त्यांचं नाव सर्वांना ठाऊक असतं. मला जास्त जवळची वाटते ती तिथं राहणारी फ्लॉरेन्स केली. तिनं घरोघरच्या मजुरीची माहिती गोळा करवली, त्या माहितीचे नकाशे रंगवले. 1893 मध्ये इलिनॉय राज्यानं कारखाना कायदा केला: चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात मनाई, बायकांना आठ तासांचा दिवस. दोनच वर्षांत राज्याच्या न्यायालयानं आठ तासांचं कलम रद्द केलं. केली थांबली नाही. ती 1932 मध्ये गेली. बालमजुरीवर टिकलेला, साऱ्या अमेरिकेला लागू असा संघराज्याचा कायदा आला 1938 मध्ये. नव्या कार्यकर्त्यांना मी ही सनावळी मुद्दाम ऐकवते, म्हणजे तीन महिन्यांत काही बदललं नाही म्हणून ते स्वतःला नापास करत नाहीत.

स्वतःच्या थकव्याबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हटलं आणि तिची तीन अंगं सांगितली: शक्ती संपणं, कामाबद्दल तुसडेपणा येणं, आणि हातून काही होत नाही असं वाटणं. यातलं मधलं अंग टीमला आधी ऐकू येतं. कुटुंबांना टोपणनावं पडायला लागली की समजा. उपाय म्हणून श्वासाचे व्यायाम करायचे तर जरूर करा, पण त्याआधी या आठवड्यात कोणत्या भेटी होणार नाहीत हे वरिष्ठांना लेखी कळवा. ती यादी तुमच्या डोक्यात राहिली तर तुमची चूक ठरते, कागदावर गेली की संस्थेला उत्तर द्यावं लागतं.

खिशातून पैसे देण्याबद्दल माझं मत कडक आहे: देऊ नका. पोटात तुटतं, मान्य. पण त्या नोटेनं तुटवडा झाकला जातो, आणि पुढच्या भेटीत तुम्ही देणारे आणि ते ओशाळलेले. त्याऐवजी तातडीच्या मदतीसाठी त्यांच्यासमोरच फोन लावा.

आणि टीमच्या बैठकीत एक मुद्दा कायमचा ठेवा: बंद झालेल्या एका केसमध्ये त्या कुटुंबानं स्वतः काय केलं. कार्यकर्त्यानं काय केलं ते नको. 'मोठ्या मुलीनं शाळेला पत्र लिहिलं', 'आजोबांनी अपिलाच्या सुनावणीत स्वतः बोलायचं ठरवलं', इतपत पुरे. आणि आपलं हातचं काम, म्हणजे एखादी सुबक नोंद किंवा मुद्देसूद अपील, तेही नाव घेऊन वाचा. बैठकीला वेळ कमी पडला तर महिन्याची आकडेवारी ईमेलवर ढकला, हा मुद्दा नाही.