जुन्या गाडीच्या लोअर आर्मचे बुश बदलताना

पुढचं चाक खड्ड्यात गेलं की खालून ‘खट्’ असा आवाज येतो. गॅरेजमध्ये दाखवलं तर पहिलं उत्तर मिळतं, ‘शॉकअप गेलेत.’ दहा-बारा वर्षं धावलेल्या गाडीत बऱ्याचदा शॉकअप ठीक असतात. गेलेला असतो तो लोअर आर्मचा बुश, म्हणजे शॉकअपच्या तुलनेत किरकोळ किमतीचा रबरी तुकडा. माझी २००९ सालची हॅचबॅक रत्नागिरीत खाऱ्या हवेत उभी असते. तिचे बुश मी दोनदा बदलले. पहिल्यांदा केलेली चूक दुसऱ्या कुणाकडून होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी बुश काय करतो ते समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर ठरते. स्विफ्ट, वॅगन आर, आय टेन, इंडिका अशा गाड्यांत पुढच्या चाकाला खालून धरून ठेवणारा लोखंडी हात असतो. तो लोअर आर्म. त्याच्या चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे गोळीसारखा फिरणारा सांधा असतो आणि गाडीच्या सांगाड्याकडे दोन बुश. बुश म्हणजे एकात एक दोन लोखंडी नळ्या आणि त्यांच्यामध्ये पक्कं चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली असते, तर आतली नळी बोल्टने सांगाड्याला आवळलेली. चाक वर-खाली झालं की दोन्हींमधलं रबर पिळलं जातं आणि परत सरळ होतं. इथे एकावर एक घासून फिरणारं काहीच नाही, त्यामुळे ग्रीसचंही काम नाही.

उलट तेल रबराचा शत्रू आहे. पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून गाडीखाली जळकं ऑइल मारून घेण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. त्या ऑइलने बुश फुगतात आणि मऊ पडतात. पत्रा वाचवायला जाऊन आपण रबर घालवतो.

दोष बुशचाच आहे ना?

मोकळ्या जागी गाडी चालण्याच्या वेगाने पुढे नेऊन ब्रेक दाबा, मग रिव्हर्समध्ये तसंच करा. दोन्ही वेळा एकेक ‘टक्’ आला, तर आर्म पुढे-मागे सरकतो आहे असा संशय घ्या. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढणं आणि अलाइनमेंट करूनही टायर आतून झिजणं, ही आणखी दोन लक्षणं. स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक रॉडही असाच आवाज करते आणि ती बदलायला सोपी असते, म्हणून ती आधी हलवून बघा.

मग गाडी उचलून, घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर टेकवून, टॉर्च घेऊन खाली जा. आर्म आणि सांगाडा यांच्यात टॉमी, म्हणजे लोखंडी पहार घालून हळूच दाबा. रबरावर वरवरच्या बारीक भेगा दिसल्या तर घाबरू नका, जुन्या रबराला त्या पडतातच. माझ्या गाडीत मागच्या बुशचं रबर बाहेरच्या नळीपासून अर्धं सुटलं होतं आणि त्या फटीत तांबडी माती घट्ट बसली होती. टॉमी दाबली की फट उघडायची, माती झडायची. असं दिसलं की बुश संपला.

बॉल जॉइंटही तेव्हाच तपासा. अनेक गाड्यांत तो आर्मला कायमचा बसवलेला असतो. तो ढिला असेल, तर बुश दाबत बसण्यापेक्षा बुशसकट नवा आर्मच घ्या. मात्र बदल डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना करा.

गाडी उचलण्याआधी

आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

दुसऱ्या दिवशी गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी असतानाच चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि लिहून ठेवा. हे एक माप पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडणार आहे.

हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडसर लावा, पुढच्या चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करा. मग जॅक लावून गाडी उचला आणि घोडीवर टेकवा. आमच्याकडे अंगणात जांभ्या दगडाचे चिरे पडलेले असतात आणि तेच गाडीखाली सारले जातात. कृपा करून असं करू नका. जांभा वजनाखाली अचानक फुटतो, आणि तुम्ही त्याच्या शेजारी आडवे झालेले असता. जमीन मातीची असेल तर जॅक आणि घोडीखाली जाड फळी घ्या.

आर्म उतरवणं

चाक काढा. बॉल जॉइंटचा दांडा नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी भागात, एका आडव्या बोल्टने पकडलेला असेल, तर तो बोल्ट पूर्ण बाहेर काढा. दांड्याला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो, त्यामुळे नुसता सैल करून भागत नाही. मग आर्म टॉमीने खाली दाबला की दांडा निसटतो. बॉल जॉइंटच्या रबरी टोपीला टॉमी लागू देऊ नका.

आता सांगाड्याकडचे बोल्ट. किनाऱ्यावरच्या गाडीत खरी झुंज इथे असते. पाना फिरवला की बोल्ट फिरतो आणि सोडला की स्प्रिंगसारखा मागे येतो, असं झालं तर ओळखा की बोल्ट आतल्या नळीला गंजून चिकटला आहे आणि तुम्ही रबर पिळता आहात. जोर वाढवू नका. काही गाड्यांत नट सांगाड्याला वेल्ड केलेला असतो आणि तो तुटला की काम दुप्पट होतं. स्प्रे मारा, थांबा, थोडा पुढे थोडा मागे असा बोल्ट खेळवत राहा. माझा एक बोल्ट निघायला अख्खी दुपार गेली. अगदीच हटला नाही, तर आर्म आणि ब्रॅकेट यांच्यामधून हॅकसॉ ब्लेडने कापा आणि नवा बोल्ट वापरा. जवळून पेट्रोलची किंवा ब्रेकची नळी जात असेल तर ग्राइंडरला हात लावू नका.

बुश दाबून काढणं आणि बसवणं

बुश काढण्याआधी तो कसा बसला आहे याचा फोटो घ्या. काही बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ खाचा ठेवलेल्या असतात आणि त्यांची दिशा ठरलेली असते. त्या दिशेची खूण आर्मवर रंगाने करा.

हे काम घरी हातोड्याने करू नका. आर्म वाकला तर अलाइनमेंट कधीच नीट बसत नाही. लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेस असतो. आर्म घेऊन तिथे जा आणि स्वतः उभे राहा. दाब फक्त बुशच्या बाहेरच्या नळीवर यायला हवा. आतल्या नळीवर दाबलं तर नवं रबर तिथेच सुटायला लागतं. जुना बुश निघाल्यावर भोकाच्या आतला गंज पॉलिश पेपरने साफ करा, साबणाचं पाणी लावा आणि खूण जुळवून नवा बुश सरळ आत जाऊ द्या. तेल किंवा ग्रीस नको.

बोल्ट आवळणं

माझी चूक इथे झाली. पहिल्यांदा मी आर्म लावला आणि चाक हवेत लोंबकळत असतानाच सगळे बोल्ट कचकून आवळले. गाडी खाली उतरवली, आवाज गेला, समाधान वाटलं. चार महिन्यांत दोन्ही बुश पुन्हा फाटले.

कारण साधं आहे. चाक लोंबकळतं तेव्हा आर्म खाली झुकलेला असतो. त्याच अवस्थेत बोल्ट आवळला की आतली नळी तिथे पक्की होते. मग गाडी चाकांवर आली की रबर पिळलेलं, आणि गाडी नुसती उभी असली तरी ते रात्रंदिवस पिळलेलंच राहतं. त्यात खड्डे आले की ते फाटणारच.

म्हणून बॉल जॉइंटचा बोल्ट आवळून घ्या, पण बुशचे बोल्ट हाताने लावून फक्त टेकेपर्यंत फिरवा. मग बॉल जॉइंटजवळ आर्मखाली दुसरा जॅक लावा आणि हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर तुमच्या मापाएवढं होईपर्यंत हळूहळू उचला. गाडी घोडीवरून उठते आहे असं वाटलं तर लगेच थांबा. अशा वेळी चाक लावून गाडी रॅम्पवर किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर न्या आणि वजन चाकांवर असताना बोल्ट आवळा. शेवटचा आवळ टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे द्या. प्लॅस्टिकची कडी असलेले लॉकनट नवेच वापरा.

नंतर चाकांचे नट जमिनीवर पुन्हा आवळा आणि सरळ व्हील अलाइनमेंटला जा. शंभरेक किलोमीटर चालल्यावर एकदा टॉर्च घेऊन खाली बघा. रबर दोन्ही नळ्यांमध्ये सरळ बसलेलं दिसलं पाहिजे, एका बाजूला ताणलेलं नाही.