सरांचा एच-इंडेक्स काढताय? या चुका टाळा

सेवानिवृत्तीचा गौरव अंक असो की कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीची फाईल, नागपुरातल्या रसायनशास्त्र विभागांत काम एकाच पद्धतीने होतं. आदल्या रात्री पीएचडीच्या विद्यार्थ्याला निरोप जातो, ‘सरांचे सायटेशन काढून दे.’ सायटेशन म्हणजे इतर निबंधांत दिलेले संदर्भ, आणि एच-इंडेक्स ९ म्हणजे प्रत्येकी किमान ९ सायटेशन मिळालेले ९ निबंध. तो गूगल स्कॉलर उघडतो, उजवीकडच्या चौकटीतले आकडे उतरवतो आणि मोकळा होतो. पाच मिनिटांत होणारं हे काम नाही. सर विद्युतरसायनाचे असतील, तर दोन संध्याकाळी धरून चाला.

सगळ्यात मोठा घोळ नावाचा. ‘वानखेडे’ हे आडनाव रोमन लिपीत किमान दोन-तीन प्रकारे लिहिलं जातं. जुन्या निबंधांत वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं, नव्यांत नसतं. मॅडम असतील तर लग्नाआधीचे निबंध माहेरच्या आडनावाने. त्यात संस्थांची नावंही बदलली: व्हीआरसीई या अभियांत्रिकी महाविद्यालयाचं २००२ मध्ये व्हीएनआयटी झालं, नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. स्कोपस हा शोधनिबंधांचा डेटाबेस लेखकांची प्रोफाइल आपोआप बनवतो, त्यामुळे एकाच माणसाची दोन प्रोफाइल सहज तयार होतात.

मग काय होतं? एका प्रोफाइलवर एच-इंडेक्स ९, दुसऱ्यावर ६. उत्साही विद्यार्थी बेरीज करून १५ लिहितो. अरे बाप्पा, एच-इंडेक्सची बेरीज होत नाही! दोन्ही याद्या एकत्र करून, सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावून पुन्हा मोजावं लागतं. उत्तर ९ पासून १५ पर्यंत काहीही येऊ शकतं आणि १५ येणं जवळपास अशक्यच. प्रोफाइल जोडण्याची विनंती स्कोपसकडे करता येते, पण तिला वेळ लागतो. फाईल उद्या द्यायची असेल तर हाताने मोजा.

उलटंही होतं. गूगल स्कॉलर दुसऱ्याच वानखेड्यांचे सोयाबीनवरचे निबंध सरांच्या खात्यात टाकतं. प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये ‘आपोआप भर घालू नका, आधी ईमेलने विचारा’ हा पर्याय असतो, तो पहिल्या दिवशीच निवडावा. ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, २०१२ पासून उपलब्ध आहे, फुकट आहे, तरी लोक तो फॉर्ममध्ये मागितला की मगच काढतात.

दुसरी चूक खास विद्युतरसायनातली. इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीच्या अधिवेशनांचे सारांश ‘मीटिंग ॲबस्ट्रॅक्ट्स’ म्हणून निघतात आणि त्यांनाही डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. डीओआयमध्ये स्लॅशनंतर ‘एमए’ ही अक्षरं दिसली की तो सारांश, निबंध नव्हे. स्कॉलर तो वेगळी नोंद म्हणून धरतं आणि ‘६२ शोधनिबंध’ लिहिलेल्या यादीत सारांशच भरपूर निघतात. हे सारांश वेगळ्या तक्त्यात टाका, पण सांभाळून. सारखं शीर्षक पाहून लोकांनी कधी सारांशाचा, कधी मूळ निबंधाचा संदर्भ दिलेला असतो.

त्याहून वाईट म्हणजे एकाच निबंधाच्या दोन नोंदी. समजा, ११ निबंधांना १२ किंवा जास्त सायटेशन आहेत आणि बाराव्याची ८ आणि ७ अशी फूट पडली आहे. एच-इंडेक्स ११ दिसतो. नोंदी जोडल्या की बाराव्याचे १५ होतात आणि एच-इंडेक्स १२. हे पकडायला एक्सेलची साधी शीट पुरते: डीओआय, शीर्षक, वर्ष, प्रकार, स्कोपसचा आकडा, स्कॉलरचा आकडा, पाहिल्याची तारीख. डीओआयवर सॉर्ट करा, नंतर शीर्षकावर. सुरुवात मात्र सरांच्या स्वतःच्या यादीपासून करा, वेबसाइटवरून नव्हे.

तुलनेतही लोक घसरतात. सुपरकपॅसिटरवरचा आढावा लेख आणि गंजरोधकांवरचा प्रायोगिक निबंध एका तराजूत घालू नयेत. आढावा लेख भराभर सायटेशन खातो. स्कोपसमधला एफडब्ल्यूसीआय हा आकडा लेखाच्या सायटेशनची त्याच विषयाच्या, त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या लेखांशी तुलना करतो. १ म्हणजे जागतिक सरासरी. तरीही सायटेशन म्हणजे प्रभाव नव्हे. पाण्याच्या विघटनावरच्या उत्प्रेरकांच्या निबंधांत उत्प्रेरकाचा कस दाखवणारा टाफेल स्लोप हटकून असतो, पण तो ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या टाफेलच्या १९०५ च्या लेखाचा संदर्भ कितीजण देतात?

आता झटपट. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे लेखामागे सरासरी सायटेशनचा आकडा, नियतकालिकाचा असतो, निबंधाचा किंवा माणसाचा नाही. त्याची बेरीज करून ‘एकूण इम्पॅक्ट फॅक्टर १४०’ लिहिणं हास्यास्पद आहे. स्कोपस आणि स्कॉलरचे आकडे एका वाक्यात मिसळू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर प्रथम किंवा पत्रव्यवहाराच्या लेखकाला निबंधाच्या गुणांपैकी ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के गुण आहेत, म्हणून सरांचं नाव कितव्या जागी आहे हाही रकाना ठेवा. स्वतःचेच संदर्भ वगळायची सोय स्कोपसच्या ‘सायटेशन ओव्हरव्ह्यू’मध्ये आहे, वगळण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे द्या. एकच दिला की समितीतला कोणीतरी दुसरा विचारतोच.