नीतिमत्त्व आणि ऑफिसातला एक तक्ता

आमच्या बायबल अभ्यासगटात ‘नीतिमत्त्व’, म्हणजे देवापुढे योग्य ठरणं, हा शब्द निघाला की सगळे सावरून बसतात. गट मीच घेते, पण मलाही त्याची धास्तीच वाटायची. ती गेली एका तक्त्यामुळे.

तो तक्ता माझ्या हाताखालच्या मुलीने रात्री जागून केला होता. मीटिंगमध्ये साहेबांनी कौतुक केलं माझं. मी नुसती हसले. खोटं एक अक्षर बोलले नाही! त्याच संध्याकाळी गटात लूकच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय होता, येशूने सांगितलेली दोघांच्या प्रार्थनेची गोष्ट: नियम काटेकोर पाळणारा परूशी आणि फक्त दया मागणारा जकातदार, म्हणजे कर गोळा करणारा. आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्याचा दशांश, हे देवाला मोजून दाखवणारा परूशी मला नेहमी दुसराच कोणीतरी वाटायचा.

तेव्हापासून मी काय करते ते सांगते.

आधी क्रम नीट लावा. नीतिमान ठरणं ही आपली कमाई नाही. इस्राएलांचा मूळपुरुष अब्राहाम, त्याचा विश्वासच देवाने नीतिमत्त्व म्हणून मोजला (उत्पत्ति 15:6), तेव्हा पुढे मोशेला सीनाय पर्वतावर मिळालेलं नियमशास्त्र कुठे होतं? प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात सगळा भार याच ओळीवर टाकलाय. म्हणून सकाळच्या प्रार्थनेत ‘आज नीट वागेन’ने सुरुवात करू नका. ‘ख्रिस्तामुळे तू मला आपलं मानलंस’ हे आधी म्हणा. नाहीतर दिवसभर स्वतःचीच वकिली करत बसाल, मी बसायचे.

मग ज्याचं देणं लागतो त्याचं नाव कागदावर लिहा. ‘प्रभू, माझे अपराध क्षमा कर’ या माझ्या प्रार्थनेत ती मुलगी कुठेच नव्हती. लूक 19 मधल्या श्रीमंत जकातदार जक्कयाचं बघा. येशू आधी त्याच्या घरी उतरायला निघाला, लुबाडलेल्याच्या भरपाईचं जक्कयाने नंतर काढलं, पण काढलं ते आकड्यात. नियमशास्त्रातल्या गणना 5:7 प्रमाणे कबुली देऊन, मूळ रकमेवर पाचवा हिस्सा घालून परत केलं की भागत होतं. हा चौपट म्हणाला, शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना.

मत्तय 5:23-24 तर अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवतं. म्हणून मी शनिवारी रात्रीच कागद काढते. यादी मात्र फक्त स्वतःच्या देण्याची. दुसऱ्यांची करायला घेतली की परूशी झालोच.

साहेबांना एकटं गाठून सांगावं, असं आधी वाटलं होतं. पण कौतुक चारचौघांत झालेलं, तर दुरुस्तीही तिथेच हवी. सगळ्यांना ईमेल लिहिला. ‘आम्ही दोघींनी’ असं दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी तिचं एकटीचं नाव ठेवून पाठवला.

दुपारी ती टेबलापाशी आली. म्हटलं, आता आभार मानेल. म्हणाली, “ताई, तिसऱ्या रकान्यातली बेरीज चुकलीय माझी. दुरुस्त करून पाठवते, तेही सगळ्यांना कळवाल?”