रोल मिळणे अवघड झाले आहे, तो वाया जाऊ देऊ नका: फिल्मवर काम करताना या चुका टाळा

पंचवीस वर्षांपूर्वी जळगाव, धुळे किंवा भुसावळच्या कोणत्याही स्टुडिओत रंगीत रोल सहज मिळत असे आणि तो धुऊन प्रिंटही तिथेच मिळत. आज त्याच रोलसाठी मुंबई-पुण्याच्या विक्रेत्याकडे मागणी नोंदवावी लागते, तो कुरिअरने येतो आणि धुण्यासाठी पुन्हा कुरिअरनेच बाहेर पाठवावा लागतो. फिल्मवर काम करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या बऱ्याच सवयी मात्र मुबलकतेच्या काळातल्या आहेत. एक रोल बिघडला तर दुसरा घालावा, असे आपण शिकलो, आणि आता दुसरा रोल हाताशी नसतो.

टंचाईचे कारण समजून घेतले तर खरेदीतल्या चुका आपोआप कमी होतात. फिल्मच्या पट्ट्यावर इमल्शनचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या रसायनाचा, थर देणारी यंत्रे प्रचंड मोठी असतात आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले तरच ती चालवणे परवडते. घरगुती ग्राहक डिजिटलकडे गेला, पाठोपाठ चित्रपटगृहेही डिजिटल झाली, आणि या कारखान्यांचा पायाच खचला. आग्फाफोटोने 2005 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, कोडॅकने 2009 मध्ये कोडाक्रोम ही रंगीत फिल्म थांबवली आणि जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, फुजीने 2013 मध्ये चित्रपटाची फिल्म काढणे बंद केले. आपल्याकडे ‘इंदू’ या नावाने फिल्म काढणारा, 1960 साली स्थापन झालेला उटीचा हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखानाही बंद पडला. मात्र सगळेच संपले असे समजणे हीसुद्धा चूक आहे. कोडॅकचीच एक्टाक्रोम 2012 मध्ये बंद झाली आणि 2018 मध्ये परत आली; फुजीची ॲक्रॉस 2018 मध्ये गेली आणि पुढच्याच वर्षी ‘ॲक्रॉस 2’ म्हणून आली. परत आलेली फिल्म जुन्यासारखीच वागेल असे गृहीत धरू नये. पहिला रोल चाचणीसाठीच ठेवावा.

यातून माझे स्पष्ट मत असे बनले आहे की जो रोल मिळेल तो घ्यायचा, ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. एकदा कोडॅक, एकदा फोमा, मध्येच कुणाच्या कपाटातून निघालेला जुना कोनिका, अशा क्रमाने काम करणाऱ्याला कोणत्याच फिल्मची ओळख होत नाही आणि बिघाड झाला तर दोष फिल्मचा, कॅमेऱ्याचा की धुण्याचा, हे ठरवता येत नाही. इंग्लंडमध्ये इलफर्डची आणि चेक प्रजासत्ताकात फोमाची कृष्णधवल फिल्म आजही नियमित तयार होते. त्यांतली एक निवडावी, एकाच बॅचचे पाच-सहा रोल एकत्र घ्यावेत आणि निदान वर्षभर तीच वापरावी. घरी धुता येते म्हणूनही खान्देशात कृष्णधवल फिल्मच मला अधिक भरवशाची वाटते.

मर्यादेत काम कसे करावे, याचा धडा आपल्याला चाळीसगावात मिळतो. तिथल्या बंगल्यात अनेक दशके जवळजवळ एकांतवासात राहिलेल्या छायाचित्रकार केकी मूस यांनी टेबलटॉप छायाचित्रण केले. टेबलावर लहान वस्तू मांडायच्या, प्रकाश हवा तसा बसवायचा आणि मनातले दृश्य समोर उभे राहिले की मगच कळ दाबायची, अशी ही पद्धत आहे. दहा फोटो काढू, त्यातला एक तरी चांगला येईल, या विचाराला तिच्यात जागाच नाही.

खरेदी कधी करावी, याचा विचार फार थोडे जण करतात. एप्रिल-मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांपर्यंत जातो, आणि त्या दिवसांत कुरिअरच्या बंद गाडीत दोन-तीन दिवस पडून राहिलेला रोल आपल्या हातात येण्याआधीच वर्षभराने म्हातारा झालेला असू शकतो. म्हणून मागणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात नोंदवावी. घरी आल्यावर रोल त्याच्या प्लास्टिकच्या डबीतच ठेवून, ती डबी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी. वर्षापेक्षा जास्त ठेवायचा असेल तर फ्रीझर बरा. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे थंड रोल लगेच उघडून कॅमेऱ्यात घालणे. पावसाळ्यात अशा फिल्मवर दव धरते आणि त्याचे डाग निगेटिव्हवर कायमचे उमटतात. फ्रिजमधला रोल वापरण्याआधी किमान दीड तास आणि फ्रीझरमधला तीन तास बंद डबीतच बाहेर राहू द्यावा. रोल घातलेला कॅमेरा मोटारसायकलच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेमागे ठेवून तोरणमाळच्या वाटेला लागणाऱ्यांना मी कळकळीने थांबवतो.

मुदत संपलेले रोल स्वस्तात मिळतात म्हणून घेतले जातात. दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, प्रकाश द्यावा, हा नियम सर्रास सांगितला जातो, पण तो निगेटिव्ह फिल्मपुरता आणि ढोबळच आहे. स्लाइड फिल्मला, म्हणजे जिच्यावर थेट सुलटे चित्र उमटते तिला, तो लावला तर उजळ भाग धुऊन निघाल्यासारखा होतो. थंडीत नीट ठेवलेल्या मंद, म्हणजे कमी संवेदनशीलतेच्या, फिल्मला त्याची गरज पडत नाही आणि 400 किंवा 800 संवेदनशीलतेची फिल्म मात्र त्याहूनही जास्त बिघडलेली असू शकते. कानबाईच्या उत्सवासारखे पुन्हा वर्षभर न येणारे प्रसंग अशा रोलवर कधीही टिपू नयेत.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण ती आजही अनेक जण करताना दिसतात. शंभर फुटांची कृष्णधवल फिल्म घेऊन तिचे 36 फोटोंचे साधारण 18 रोल भरता येतात आणि पैसे वाचतात. मी अशी फिल्म रंगीत रोलच्या रिकाम्या डबीत (कॅमेऱ्यात घालायच्या कॅसेटमध्ये) भरली, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे तिच्यावर टिपले आणि डबीवर काहीही न लिहिता रोल लॅबकडे दिला. लॅबने डबीवरचे नाव पाहून तो रंगीत फिल्मच्या सी-41 रसायनांत घातला. रंगीत निगेटिव्हमध्ये शेवटी फक्त रंगद्रव्य उरते आणि चांदी पूर्ण काढून टाकली जाते. कृष्णधवल फिल्ममध्ये तर प्रतिमा चांदीचीच असते, त्यामुळे माझ्या हातात कोरी पारदर्शक पट्टी आली. तेव्हापासून प्रत्येक डबीवर कागदी टेप लावून फिल्मचे नाव, संवेदनशीलता आणि कोणत्या रसायनात धुवायचे, हे मी लिहितो. इलफर्डची एक्सपी-2 सुपर ही कृष्णधवल असूनही सी-41 मध्येच धुवायची असते, हेही लक्षात ठेवावे. उलट, सिनेमाची फिल्म कापून भरलेले रोल घेताना तिच्या मागे काळा कार्बनचा थर आहे का, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे. असा रोल साध्या लॅबच्या यंत्रात गेला तर तो थर सुटून रसायन आणि इतरांचे रोलही खराब करतो.

कोरी निगेटिव्ह हाती आली की आधी कडेचे आकडे पाहावेत. ते कारखान्यातच प्रकाशाने छापलेले असतात आणि धुतल्यावरच दिसतात. आकडे ठळक असतील तर धुणे बरोबर झाले आहे आणि फिल्मवर प्रकाशच पडलेला नाही, म्हणजे बहुधा रोल पुढे सरकलाच नव्हता. फिल्म पुढे नेताना रिवाइंडची कळ फिरते आहे का, हे पहिल्या दोन-तीन फोटोंना पाहिले तर हा प्रसंग येत नाही. आकडेही नसतील तर डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारे रसायन) मेलेला होता, हायपो (ती पक्की करणारे रसायन) आधी पडला, किंवा वर सांगितल्याप्रमाणे रसायनच चुकले. नुसत्या काळ्या झालेल्या पट्टीचे कारण बहुतेक वेळा उघडे राहिलेले झाकण असते. फोटोंवर आडवे उजळ पट्टे असतील तर कॅमेऱ्याच्या झाकणाकडेचा जुना फोम उन्हाळ्यात चिकट होऊन झिजला आहे का, ते पाहावे.

घरी धुताना खान्देशातली खरी अडचण पाण्याची आहे. कृष्णधवल फिल्म 20 अंशांवर धुवावी असे पत्रकात असते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला चटका देते. गरम डेव्हलपरमध्ये वेळ इतका कमी होतो की धुणे असमान होते, आणि त्यानंतर हायपो किंवा पाणी एकदम थंड पडले तर फिल्मवरच्या जिलेटिनच्या थराला बारीक सुरकुत्या पडतात. अशा वेळी 20 चा आग्रह सोडून पहाटे माठातल्या पाण्याने 24 अंशांवर काम करावे, रसायनांच्या बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या टोपात ठेवाव्यात आणि सगळी पाणी-रसायने एकाच तापमानाची असावीत. वेळ मात्र त्याप्रमाणे कमी करावा: इलफर्ड एचपी-5 प्लस फिल्मला आयडी-11 या डेव्हलपरमध्ये, एकास एक पाणी मिसळून, 20 अंशांवर 13 मिनिटे लागतात, तर 24 अंशांवर सुमारे 9.

तयार रसायन मिळाले नाही तर डी-76 हा डेव्हलपर घरी बनवता येतो: एका लिटरला मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम आणि बोरॅक्स 2 ग्रॅम. हमखास होणारी चूक क्रमाची आहे. सगळे सल्फाइट आधी टाकले तर मेटॉल विरघळत नाही. म्हणून चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग बाकीचे. रोल धुण्याच्या टाकीत घालण्यापूर्वी कापून टाकायचे टोक उजेडात डेव्हलपरमध्ये बुडवून पाहावे. ते काही मिनिटांत गडद काळे झाले नाही तर तो डेव्हलपर ओतून द्यावा. तसेच न धुतलेले दुसरे टोक हायपोत टाकून ते पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजावे. त्याच्या दुप्पट वेळ हायपो द्यावा आणि ताज्या हायपोला लागला त्याच्या दुप्पट वेळ लागू लागला की हायपो बदलावा.

नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात अर्धा तास वाहत्या पाण्याखाली फिल्म धुणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. हायपोत जिलेटिनला कडकपणा आणणारे रसायन नसेल तर धुण्याची टाकी भरून 5 वेळा उलटसुलट करावी, पाणी बदलून 10 वेळा, पुन्हा बदलून 20 वेळा. ही इलफर्डची पद्धत पुरेशी आहे. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ठिपके वाळल्यावर निघत नाहीत, म्हणून शेवटचे एक पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरचे द्यावे आणि फिल्म पंख्याखाली न टांगता, धूळ येऊ नये म्हणून ओल्या फरशीच्या बंद न्हाणीघरात टांगावी.